मुबारकचाचांच्या तीन खजुरी

मु. इब्रा

सिराजभाई,

तू गावी गेल्यापासून बागेचं पाणी मीच बघते. मुबारकचाचा या बागेत गुलाम होते. पंचावन्न वर्षांपूर्वी सुटले, तेव्हा आपल्या मालकाच्या, अर्बाबच्या वडलांनी त्यांना खजुरीची तीन झाडं दिली, पण पाण्याची पाळी दिली नाही. यंदा झाडं वाळताहेत, हिरवी फळंच गळताहेत.

काल चाचा अर्ध्या तासाचं पाणी मागायला आले. मी तुझ्यासारखंच म्हटलं, "अर्बाबला विचारा."

ते हसले. "बेटी, गुलाम होतो तेव्हाही हेच ऐकायचो."

पाणी त्यांच्या झाडांसमोरून अर्बाबच्या बागेत गेलं. मी बघत राहिले.

पुढच्या पाळीला पाट त्यांच्या झाडांकडे वळवू का, हे तुला विचारायला बसले आणि हात थांबला. मीही विचारतेच आहे. पत्र धाडत नाही.

तुझी बहीण,
रहिमा