एकशे वीस अंशांची सावड

परभणी, गुरुवार, संध्याकाळ

दुपारभर नुसती चिडचिड. प्रोजेक्टसाठी ताडकळसला, म्हणजे माझ्या गावी, आमच्या गल्लीतल्या बायका सावडीनं कुणाकुणाच्या रानात खुरपायला जातात, त्याचं जाळं प्रोग्रामला दिलंय. मुद्दाम गाळलेल्या जोड्या त्यानं ओळखायच्या. त्याच्यासाठी सावड म्हणजे वर्तुळावरचं एक वळण; किती अंशांचं, ते जोड्या बघून त्यानंच शोधायचं. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. दोन वळणांत परत जागेवर, म्हणजे एकशे ऐंशी अंश. बीजगणितातला दोनच घटकांचा साधा ग्रुप! पण हा हट्टी दरवेळी एकशे वीसवरच थांबतो. कोड तीनदा तपासला. उद्या सरांना काय दाखवू, कपाळ?

शेवटी वहिनीला फोन केला. "तुमी कमलताईकडं जाता, मग त्या तुमच्याकडं येत न्हाईत का?"

"ती कशाला येईल? मी कमलकडं, कमल सुमनकडं, सुमन माझ्याकडं. तिघींची फेरी हाय आमची."

तीन वळणांत जागेवर. एकशे वीस! प्रोग्रामला कळलं, गावच्या पोरीला नाही. हसूच आवरेना.

"हसायलीस काय नुसती? रविवारी ये, खुरपं देते. चौघी होऊ."

म्हणजे नव्वद अंश.