तिसऱ्या गजावरचा केस

दि. ४ मार्च

चि. ठकूस, आईचे आशीर्वाद.

कठडा रंगवला ती सकाळ अजून आठवते. अंगण झाडून झालं होतं, दूध तापत होतं आणि तुझे बाबा जिन्याच्या कठड्याला हिरवा रंग देत होते. जन्म पुलांना रंग देण्यात गेला, पण घरच्या कठड्यासाठी रजा काढावी लागली. दूध उतू जातंय म्हणून मी ओरडले, तर म्हणाले, तूच बघ, मी अर्ध्यात हात थांबवत नाही. तिसऱ्या गजावर ब्रशचा एक केस चिकटला. काढा म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, ती माझी सही. त्याच हिवाळ्यात ते गेले.

काल जिना पुसताना त्या गजाच्या बुडाशी, जिथे धुण्याचं पाणी साचतं, रंगाला फोड दिसला. अंगठ्याने दाबला तर तांबडी भुकटी निघाली. काळजी नको. हिरव्याचा डबा आणलाय. वरून एक हात फिरवीन, म्हणजे त्यांचा रंग आत तसाच राहील. खरवडायला मन होत नाही.

सुट्टीत धाकटीला घेऊन ये. तुझा पूल काय म्हणतोय? लोभ पातळ करू नकोस.

आई

दि. ११ मार्च

ती. आईस, सा. न.

तुझं पत्र पुलावरच वाचलं, तेही भांडून आल्यावर. रंगाऱ्यांनी दवाने ओल्या तुळईवर प्रायमर मारला होता. तपासणी माझ्याकडे, म्हणून सगळा उतरवायला लावला. मुकादम फुगून बसलाय. आता मला सगळे खरवडबाई म्हणतात. तुळई वरून अशी चकचकीत होती, की तू तर तिची दृष्ट काढली असतीस.

आई, फोडावर रंग म्हणजे तापावर पांघरूण. गंज आत खातच राहतो, फक्त आपल्याला दिसेनासा होतो. हे मला बाबांनीच शिकवलं. आणि तुझी नात कठड्याला लोंबकळल्याशिवाय जिना उतरत नाही. तो गज हलवून बघ. हलला तर वेल्डरला बोलाव. खरवडायला मी येते म्हणाले असते, पण ते तुझ्या हातून व्हावं असं वाटतं.

लोभ आहेच, त्याला पोपडे येत नाहीत.

तुझी खरवडबाई

दि. २० मार्च

चि. खरवडबाईस, आशीर्वाद.

गज हलत होता. वेल्डरने बुडाशी नवा तुकडा जोडला. बाकीचं मी घासतो, मावशी, म्हणाला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि तारेचा ब्रश घेऊन मीच बसले. आधी हिरवा निघाला, मग त्याखालचा करडा, मग लोखंड. केसापाशी हात थांबला. मग त्यांचं ते अर्ध्यात हात न थांबवण्याचं वाक्य आठवलं आणि घासत राहिले. केस जपून ठेवीन म्हटलं होतं, तो भुकटीत कुठे गेला कळलंही नाही. थोडी रडले. मग पायरी झाडली.

कोरड्या फडक्याने पुसलं. कडांना आणि जोडांना आधी प्रायमर लावला, धारेवर रंग ठरत नाही असं तुझ्या इथे राहिलेल्या पुस्तकात वाचलंय. मग सगळीकडे. उन्हं उतरायच्या आत झालं. बघते तर माझ्या ब्रशचा एक केस गजाला चिकटलेला. काढायला बोट नेलं आणि मागे घेतलं.

धाकटीला खुशाल लोंबकळू दे. माया आहे तशी राहो.

दुसऱ्या दिवशी केसावरूनच हिरवा दिला.

आई