कॅलिफोर्नियाला ठाऊक आहे

रेडी, ता. वेंगुर्ले
१२ जानेवारी २०२५

ति. एल्रॉयदादास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला बॉक्स तुझ्या जहाजावरच्या नेव्हिलने आरोंद्याहून स्वतः रिक्षा करून आणून दिला. काहीही फुटलं नाही. त्यातल्या चिठ्ठीतल्या पत्त्यावर हे पत्र टाकते आहे. ते जहाजवाल्यांचं टपाल घेणारं ऑफिस आहे म्हणतोस, तेव्हा तुझं जहाज बंदराला लागेपर्यंत तिथले लोक ते सांभाळतील अशी आशा. फोनवर मम्मी नुसतं बरो आसस मा, बरो आसस मा करते आणि फोन माझ्या हातात देते. पत्र मात्र ती चार चार वेळा वाचून घेते.

तुझ्याशिवायचा हा दुसरा नाताळ. नेवऱ्या केल्या, पण दोघींना खाऊन खाऊन किती खाणार?

आता मुद्द्याचं. बॉक्स आला की वाडीत वाटप होतं, तसं झालं. काशीबाईकडे चार कप गेले, सुशीलामावशीकडे लाल पर्स, धोंडूकाकाला टॉर्च. मम्मीने स्वतःसाठी फक्त ती काळ्या मण्यांची रोझरी ठेवली. वाटप झाल्यावर मी रिकामी खोकी आवरत होते. कारखान्यात दिवसभर काजूच्या पाकिटांची लेबलं तपासून मला तशी सवयच लागली आहे. छापलेलं दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. कपांच्या खोक्यावर पिवळा त्रिकोण आणि त्याखाली बारीक अक्षरात मजकूर. मी मम्मीला मराठी करून सांगितला. या वस्तूमध्ये अशी रसायनं आहेत, ज्यांनी कर्करोग आणि जन्मजात दोष होतात हे कॅलिफोर्निया राज्याला ठाऊक आहे. मग पर्सची पिशवी बघितली, तेच. टॉर्च, तेच. रोझरीच्या डबीखालीसुद्धा तेच.

मम्मी म्हणाली, कॅलिफोर्नियाक ठाऊक आसा तर आमकां कोणी कसा सांगूक नाय? मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही रसायनशास्त्र घेतलेली, आणि खोकी उलटसुलट करत बसले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना तिने काय करावं? तांदळाची रिकामी गोणी घेतली आणि घरोघर जाऊन दिलेल्या वस्तू परत मागितल्या. लोकांच्या पोरांना काही झालं तर देव मला विचारील, म्हणत होती. काशीबाईने कप धुऊन पुसून दिले, पण वर ऐकवलं की इतक्या शिकान तुझ्या चेडवान ह्याच शिकल्यान काय गो, दिलेलां परत न्हेवक? धोंडूकाकाने टॉर्च द्यायला साफ नकार दिला. म्हणाला, कॅलिफोर्नियाक काय कळला ता कळांदे, माका काळोखात वाट दिसाक होयी. रोझरीबद्दल मम्मीने फादरना विचारलं. ते हसून म्हणाले, म्हण खुशाल, मग हात धू. तिला ते पटलं नाही. ती आता बोटांवर मोजून प्रार्थना करते.

दादा, हे तू बघून घेत नाहीस का? इथे येतं ते सगळं चांगलंच असणार असं लोक धरून चालतात. आपण तरी त्यांना फसवू नये.

मे महिन्यातल्या चर्चच्या फेस्ताला मिरवणुकीत पुतळ्याला खांदा देणाऱ्या चौघांत मम्मीने तुझं नाव दिलं आहे. आता मागे घेता येणार नाही. तू येशीलच, हे गृहीत धरून ती वाडीभर सांगत सुटली आहे. नक्की काय ते कळव.

इथली माया तुला पुरो, तुझी इथे येत राहो.

तुझी धाकटी बहीण,
ॲश्लिन


२३ फेब्रुवारी २०२५

चि. ॲश्लिन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचून आधी हसलो. मम्मी गोणी घेऊन वाडीत फिरते आहे हे डोळ्यांसमोर आलं. मग हसू आलं तसं गेलं.

बाई ग्रॅज्युएट, ऐक. ते लेबल खोटं नाही, पण तुला वाटतं तसं खरंही नाही. इथे कायदा असा आहे की यादीतल्या शेकडो रसायनांपैकी एखादं वस्तूत असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. अगदी थोडं असलं तर सांगायची गरज नसते, पण ते थोडं आहे हे सिद्ध कोण करणार? नाही सांगितलं तर कोणीही कोर्टात खेचतो. मग मालक काय करतात? तपासत बसण्यापेक्षा सगळ्यावरच चिकटवतात. गाडी लावायच्या जागेच्या भिंतीवर ते आहे, हॉटेलच्या दारावर आहे, मासे गरवायच्या गळावर आहे, खुर्चीच्या बुडाखाली आहे. रसायन किती आहे, कप चाटला तर किती दिवसांनी काय होईल, याचा त्यात एक शब्द नाही. इथले लोक ते वाचतच नाहीत. एक माणूस दिवसाला दोन हजार लेबलं चिकटवतो. तो ती वाचत बसला तर संध्याकाळ व्हायची.

तरी कपात आंबट काही ठेवू नका आणि पर्स पोरांना चघळायला देऊ नका. बाकी काशीबाईचे कप काशीबाईला दे, माझ्या नावाने माफी माग. धोंडूकाका शहाणा माणूस. मम्मीला सांग, रोझरी हातात घे. ती मी खास तिच्यासाठी शोधली होती.

फेस्ताचं कठीण दिसतं. सुट्टी मिळत नाही. खांद्याला दुसऱ्या कोणाचं नाव द्या. इथे थंडी कमी झाली. मी बरा आहे.

तुम्हां दोघींवरची माझी माया आहे तशीच आहे.

तुझा दादा,
एल्रॉय


रेडी
२० मे २०२५

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फेस्त झालं. तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं त्याच आठवड्यात रविवारी चर्चमधल्या मासहून आल्यावर मी बाहेरच्या सोप्यावर मम्मीला ते वाचून दाखवलं. सुशीलामावशीही होती. लेबलाचं ऐकून मम्मीने लगेच गोणी उतरवली आणि कप परत नेऊन दिले. काशीबाई मम्मीला म्हणाली, ठेव गो ईडा तुझ्याकडेच, परत न्हेवक येशीत तेव्हा माका धूवक नको. पण घेतले. रोझरी मम्मीच्या हातात पुन्हा आली. तुझं येणं जमत नाही हे मात्र तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि खांद्याचं नाव बदललं नाही.

फेस्ताच्या दिवशी मिरवणूक निघायची वेळ झाली तेव्हा फादरनी तुझं नाव पुकारलं. कोणी पुढे येईना. मम्मी फाटकाकडे बघत होती. शेवटी नेव्हिल पुढे झाला आणि त्याने तुझ्या जागी खांदा दिला.

मिरवणूक संपल्यावर तो माझ्याजवळ आला. घामाने भिजला होता. म्हणाला, ॲश्लिन, तुझ्या मम्मीचा तोंड बघून माका रवाक नाय. मग त्याने सांगितलं. एल्रॉय आमच्या जहाजावर दीड वर्षापासून नाही. बॉक्स त्याने जहाजावर दिला नाही, बसने येऊन बंदराच्या फाटकाबाहेर हातात दिला. कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती.

तेव्हा मला दोन हजार लेबलं आठवली, दादा. जहाजाच्या भटारखान्यात काम करणाऱ्याला तो आकडा कुठून कळला, हे पहिल्यांदा वाचतानाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि घरच्या पत्रात मला ती दिसली नाही.

मी मम्मीला अजून काही सांगितलेलं नाही. हे पत्र तिला न दाखवता टाकते आहे. आजवर असं एकदाही केलेलं नाही, त्यामुळे मला बरं वाटत नाही. तू कुठे आहेस आणि कधी येणार? एवढ्या दोनच गोष्टी लिही, पण खऱ्या लिही.

रागावले आहे, तरी तुझीच आहे.

ॲश्लिन


१५ जून २०२५

चि. ॲश्लिन हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबत दोन कागद आहेत. निळ्या शाईचा मम्मीला वाचून दाखव. त्यात हवापाणी आहे. हा काळ्या शाईचा तुझ्यापुरता.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मी भटारखान्यात जिन्यावरून पडलो. पाठ गेली. जहाजाच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं की हा माणूस कामाला योग्य नाही. पुढच्या बंदरातून विमानाने घरी पाठवणार होते. तसा शेरा बसला की पुन्हा कोणतीही कंपनी घेत नाही. तुझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. पप्पा गेल्यापासून वाडीत मला जहाजावरचा एल्रॉय म्हणून ओळखतात. नुसता एल्रॉय होऊन परत यायचं माझ्याने झालं नाही. जहाज बंदराला लागलं तेव्हा सगळ्यांसारखा फिरायला उतरलो आणि परत चढलो नाही.

आता एका गोदामात काम करतो. बसून करायचं काम आहे, पाठीला झेपतं. बाहेरून माल येतो, त्यावर पिवळ्या त्रिकोणाचं लेबल चिकटवायचं. तुझ्या कपांच्या खोक्यावरचं लेबल बहुतेक मीच लावलं असेल. वाचलं नव्हतं, हे खरं.

कागदपत्रं नाहीत. पासपोर्ट जहाजावरच राहिला. हल्ली धरपकड वाढली आहे म्हणून कामाशिवाय बाहेर पडत नाही, चर्चलाही नाही. आणि एकदा इथून निघालो की दहा वर्षं पाऊल ठेवता येणार नाही. मग घरी येऊन मी कोण असेन? कधी येणार ते म्हणून लिहिता येत नाही.

मम्मीला सांगू नको. तू सगळं जसंच्या तसं वाचतेस, माहीत आहे. एवढं एक वाचू नको.

तुझ्यावर भार टाकतो आहे, माफ कर.

एल्रॉय


रेडी
२० जुलै २०२५

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आल्यावर पहिल्या रविवारी मी निळ्या शाईचा कागद वाचला. हवा बरी आहे, काम बरं आहे. मम्मी ऐकत होती आणि मान डोलावत होती. सुशीलामावशी म्हणाली, बरो आसा मगे झील. मम्मी म्हणाली, होय तर.

पुढचे आठ दिवस मी तो दुसरा कागद कामावर नेत होते आणि परत आणत होते. अनुजा माझ्याच टेबलाला बसते. ती म्हणाली, तुझा खंय लक्ष आसा गो, दोन पाकिटां उलटी गेली. मला कळत होतं की तुझं म्हणणं चूक नाही. मम्मीला सांगून तुझी पाठ बरी होणार नाही की पासपोर्ट मिळणार नाही. पण दादा, ती तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते ती जहाजावरच्या एल्रॉयसाठी. समुद्र शांत राहो, जहाज सुखरूप राहो. गोदामात बसलेल्या माणसासाठी कोणीच काही मागत नव्हतं. तो माणूस तू आहेस.

म्हणून गेल्या रविवारी सुशीलामावशी यायच्या आधी मी काळ्या शाईचा कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. मम्मीला सांगू नको असं लिहिलंय, तेही वाचलं. तू मला माफ करणार नसशील तर मी समजून घेईन.

मम्मी रडली नाही. पाठीचं आलं तिथे तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. पुढे नुसता एल्रॉय होऊन परत यायचं झालं नाही, या वाक्याला ती म्हणाली, घर काय हापिस आसा, थंय पद होया? पाऊस होता, पागोळ्या पडत होत्या. शेवटी तिने एकच विचारलं. जेवता तेव्हा तेच्या वांगडा कोण आसता?

मी तुझी दोन्ही पत्रं पुन्हा चाळली. बॉक्समधली चिठ्ठीही काढली. कुठेच ते लिहिलेलं नाही. मी तिला म्हटलं, विचारून सांगते. तेव्हापासून ती रोज मी कामावरून आले की माझ्याकडे बघते. विचारत नाही, नुसती बघते.

म्हणून विचारते आहे. ये किंवा येऊ नको, असं काहीच ती म्हणालेली नाही. तिला एवढंच हवं आहे. तू जेवतोस तेव्हा तुझ्याबरोबर कोण असतं?

दोघींची माया तुझ्या पाठीशी आहे.

तुझी धाकटी बहीण,
ॲश्लिन


१७ ऑगस्ट २०२५

ति. मम्मीस साष्टांग नमस्कार,
चि. ॲश्लिनला आशीर्वाद.

दुसरा कागद नाही. हे एकच पत्र आहे, मोठ्याने वाच.

मम्मी, कोणी नसतं. गोदामात जेवायची सुट्टी वीस मिनिटांची. मी शेवटच्या फळीआड उभ्यानेच खातो, कारण दिवसभर बसून पाठ आखडलेली असते. खोलीवर आम्ही तिघं आहोत, पण तिघांच्या पाळ्या वेगळ्या. एकमेकांची झोपलेली तोंडं तेवढी ओळखतो. ॲश्लिनच्या पत्राचं उत्तर म्हणून कोणाचं तरी नाव लिहावं असं वाटलं. चार दिवस शोधलं. शेवटचं कोणाबरोबर बसून जेवलो, तो नेव्हिल. जहाजावर.

गुरुवारी मी आपल्या वकिलातीत गेलो होतो. बसमध्ये सगळा वेळ घाम फुटत होता. खिडकीवरच्या बाईने मराठीत विचारलं, पासपोर्ट कुठे गेला? फाटकाबाहेर नेव्हिल भेटला ती पाच मिनिटं सोडली तर दोन वर्षांत कोणी मला समोरासमोर मराठीत काही विचारलं नव्हतं. मी तिला तेच पुन्हा विचारायला सांगितलं. तिने पाणी दिलं. घरी जाण्यापुरता कागद मिळतो म्हणाली, पण चौकशी होईल, महिने लागतील, मधे काहीही होऊ शकतं आणि पुन्हा इकडे येणं विसरायचं. मी सही केली.

पाठ मोडलेला माणूस रेडीत काय काम करणार ते ठाऊक नाही. ॲश्लिन, तू सांगितलंस म्हणून रागावलो होतो, दोन दिवस. आता नाही.

तारीख कोणी सांगत नाही. तेव्हा फाटकाकडे बघत बसू नका. भूक लागली की दोघी वेळेवर जेवून घ्या. मी निघालो आहे.

तुमचा,
एल्रॉय