सिक्स्तोने आभार म्हटले नाहीत

६ जानेवारी १९५६. ब्वेनोस आयरेस, धक्का.

आज जहाजावर चढलो. साठी उलटलेल्या माणसाला नौदलाच्या बर्फफोड्या जहाजावर मांसकोठी सांभाळायला घेतील, हे मला अजून खरे वाटत नाही. लेक देल्फिना धक्क्यापर्यंत आली होती. तिनेच ही वही दिली. म्हणाली, बाबा, जी काळजी वाटेल ती यात लिहा, म्हणजे लोकांचं डोकं खाणार नाही. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण अक्षर बरे आहे.

कोठी पाहून जीव सुखावला. अर्धे चिरलेले ऐंशी बैल, पांढरीशुभ्र चरबी, कसलाही वास नाही. चाळीस वर्षे खाटीकखान्यात काढली, पण इतकी स्वच्छ कोठी पाहिली नव्हती. मागच्या डेकवर दोन हेलिकॉप्टरे पाती मिटून बसली आहेत, नाकतोड्यांसारखी. त्यांचा मेकॅनिक तोलोसा सांगत होता की यांतून तेल गळतेच. गळायचे थांबले तरच घाबरायचे.

मुख्य आचारी गोदोय याने येर्बा, म्हणजे आमचा चहासारखा कडू पाला, भरून द्यायचे काम माझ्याकडे दिले. म्हणाला, म्हाताऱ्याचा हात शांत असतो. एक भोपळी, म्हणजे वाळक्या भोपळ्याचा पेला, चोखायला एक नळी, आठ माणसे. मी गरम पाणी ओतून देतो, माणूस ओढतो, रिकामी भोपळी परत करतो, मी पुढच्याला भरून देतो. जो आभार म्हणेल त्याला पुरे. जो म्हणणार नाही त्याला पाळी आली की पुन्हा. तोलोसा काही केल्या आभार म्हणेना. “काका, मी मेलो तरी भरत राहा,” म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो.

१६ जानेवारी

या जहाजाचे पोट घागरीसारखे गोल आहे, बर्फावर चढता यावे म्हणून. त्यामुळे साध्या पाण्यातही ते लोळते. दहा दिवस लोक ओकत आहेत. काल कुणाची तरी ओकारी माझ्या बुटात सापडली. मला स्वच्छता लागते, त्यामुळे फार त्रास होतो. कोठी तेवढी स्वच्छ आहे. तिथे जाऊन उभा राहतो.

१९ जानेवारी

बर्फ लागला. इथे रात्र होत नाही, सारखा मळकट उजेड असतो.

वैमानिक लेफ्टनंट बास्केस अंटार्क्टिकातल्या आमच्या तीन माणसांच्या ठाण्यावर सामान पोचवून आले. हेलिकॉप्टर फार वजन उचलत नाही, म्हणून पीठ, मांस, येर्बा, सगळे माझ्या काट्यावर तोलून दिले. लेफ्टनंटांनी स्वतःचे बूटसुद्धा तोलायला लावले. परत येताना मात्र खाली जाळे लोंबत होते. जाळ्यात ठाण्याचा आचारी सिक्स्तो बार्रेरा, ऑगस्टमध्ये वारलेला. त्याला बर्फात पुरला होता, उन्हाळ्यात बर्फ पाझरला आणि तो वर आला. लेफ्टनंट म्हणाले, असला वास मी यंत्राच्या आत घेणार नाही.

ठाण्यावरची येर्बा मे महिन्यातच संपली होती म्हणे. सिक्स्तो तोच चोथा वाळवायचा, पुन्हा उकळायचा, शेवटी सीलच्या चरबीत भिजवून चोखायचा. मरतानाही रिकामी नळी तोंडात होती. लेफ्टनंट हे हसत सांगत होते.

मढे ठेवायला जागा एकच, माझी कोठी. बटाट्यांच्या खोक्यांवर त्याला ठेवले. काट्यावर अठ्ठावन्न किलो भरला. त्याचा जबडा उघडा होता, दात हिरवे, हिरड्यांवर काळी चरबी. जहाजाच्या डॉक्टरांनी मला तो बांधायला लावला. स्वयंपाकघरातल्या फडक्याने बांधला, डोक्यावर दोन गाठी मारल्या. हात सोड्याने तीनदा धुतले, तरी वास जात नाही. आज जेवलो नाही.

२० जानेवारी

मला त्याची दया आली, बाकी काही नाही. येर्बावाचून मेलेला माणूस. आमचीच भोपळी भरून त्याच्या उशाशी ठेवली. म्हटले, घे बाबा.

तासाने पाहिले तर रिकामी. जहाज लोळते, सांडली असेल. पण खाली ओल नव्हती. चोथा पिळून काढल्यासारखा कोरडा, आणि नळीच्या टोकाला पिवळी चरबी. भोपळी आणि नळी उकळत्या पाण्यात तीनदा बुडवून खिळ्याला टांगली.

२१ जानेवारी

भोपळी खिळ्यावर नव्हती. कोठीत सापडली, खोक्याच्या कडेवर, नळी दाराकडे वळवलेली. पुन्हा भर, असे सांगणारा माणूस ठेवतो तशी.

आणि मी भरली. देवाशपथ, विचार करून नाही. कुणी भोपळी परत केली की माझा हात किटलीकडे जातोच. भरून त्याच्यापुढे ठेवल्यावर मग भान आले. त्याने आभार म्हटलेले नाहीत. म्हणणार कसा? तोंड मीच बांधले आहे.

२३ जानेवारी

सकाळच्या पाळीला गोदोयने एक घोट घेतला आणि थुंकला. “काका, सील उकळलात का काय यात?” तोलोसा म्हणाला, म्हाताऱ्याने दात धुतले असतील यात. मग गोदोयने नळीच्या टोकावरून काहीतरी नखाने काढले. ओठाची कातडी होती, हिरवट, मिशीचे दोन केस लागलेले. तो तिथेच ओकला. मी त्याच्या आधी ओढली होती. पहिली भोपळी भरणाऱ्याने प्यायची, ही रीत आहे. म्हणजे माझ्या तोंडात

भोपळी बर्फावर फेकून दिली. जीभ मिठाने घासली, रक्त येईपर्यंत.

२४ जानेवारी

जहाज अडकले. एका कुशीच्या टाक्यांतले पाणी दुसऱ्या कुशीत ढकलतात, जहाज डुलवून बर्फ सैल करायचा म्हणून. डावीकडे, उजवीकडे, दिवसभर.

भोपळी कोठीत परत आली आहे.

लेफ्टनंटांना विनवले, या मढ्याला परत ठाण्यावर नेऊन टाका. ते म्हणाले, ती घाण मी दोनदा लटकवणार नाही. आणि धुके आहे. मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी जीभ पाहिली आणि विचारले, काका, हिरवं काय खाल्लंत?

२५ जानेवारी

त्याला पुन्हा काट्यावर घेतला. चौसष्ट किलो. सहा किलो वाढला आहे. पोट ऊन लागले. बैलांची चरबी पिवळी पडली आहे, सगळ्या कोठीला तोच वास. माझी स्वच्छ कोठी.

एकदा आभार म्हटले की तो थांबेल, आणि मी धड माणसासारखा देल्फिनाकडे जाईन. त्याच्याकडून तेवढा एक शब्द हवा. त्यासाठी गाठी सोडाव्या लागतील. हात लावायची किळस वाटते. पण बांधणाराही मीच.

२६ जानेवारी

सोडल्या. जबडा खाली पडला. आत हिरवा लगदा, गच्च भरलेला, वाफ निघत होती. उलटी गिळली. म्हटले, आता म्हण बाबा, आभार म्हण आणि मला मोकळा कर.

जहाज डुलले. दार माझ्या मागे बंद झाले.

त्याने शब्द काढला नाही. तोंडातला लगदा स्वतःच्या बोटांनी भोपळीत भरला. किटली माझीच. भरली, नळी माझ्याकडे वळवली. आता तो भरणारा —

घेतली मी. कुणी भरून दिलेली नाकारता येत नाही. कोमट होती, चरबीची. प्यायल्यावर म्हणणारच होतो, पण

२७ की २८

दार ठोठावतो आहे, कुणी येत नाही. टाक्यांचा आवाज मोठा.

सात भोपळ्या प्यायलो. ओठ चिकटले आहेत, चरबी थिजली. शब्द घशापर्यंत येतो आणि —

फडके त्याच्या हातात.

—

माझे तोंड बांधले. दोन गाठी, माझ्यासारख्याच. नळीपुरती फट ठेवली आहे.

देल्फिना, अक्षर वाईट येते आहे, बोटे

इथे लिहितो. आभार. आभार. आभार. वही त्याच्यापुढे धरली. त्याने वाचले. मान हलवतो आहे, लिहिलेले चालत नाही, तोंडाने म्ह

किटली पुन्हा