मागच्या भिंतीतला कोनाडा

आई, तू जिथं भांडी घासलीस ते मंगळवार पेठेतलं दगडी घर मी विकत घेतलं. मालकांची पोरं पुण्याला गेली, घर नुसतं पडून होतं. मी बँकेतली बाई, भावनेपोटी घर घेणारी नव्हे. घर वारसा यादीत आहे. मूळ रूप न बदलता दुरुस्त केलं तर घरफाळ्यात सवलत मिळते, आणि अंबाबाईला येणारे पाहुणे अशा घरात राहायला चांगलं भाडं देतात.

सागवानी खांब, फरशी, खिडक्यांचे गजसुद्धा जसेच्या तसे ठेवले. नको होता तो एक कोनाडाच, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेरचा. तिथं तुझा कान तुटलेला कप उपडा असायचा. मालकीणबाई विटाळ नको म्हणून वरून चहा ओतायच्या, तू पायरीवर बसून प्यायचीस, विसळून कप पुन्हा उपडा ठेवायचीस. एकदा सुट्टीत तुझ्याबरोबर आले आणि आतल्या फळीवरचा फुलाफुलांचा कप उचलला. तू पाठीत धपाटा घातलास. "आपला कप भाईर हाय न्हवं? मी हितंच बसतो, तूबी गप हितंच बस." घरी जाताना मात्र बाजारातून तसलाच कप मला घेऊन दिलास.

गवंड्याला म्हटलं, बुजवून टाक. आर्किटेक्ट बाई धावत आली. "मॅडम, मूळ बांधकाम आहे ते. बुजवलं की सवलत गेली." मग ठेवला. तुझा अपमान जपते म्हणून मला सवलत मिळते, आई. डोकं फिरतं नुसतं.

दुपारी पाहुणे बाहेर गेले की मागच्या बाजूला कप ठेवल्याचा आवाज येतो. जाऊन बघते, कुणी नसतं. परवा एका पाहुण्या बाईंनी कोनाड्याचा फोटो काढता काढता विचारलं, हे कशासाठी? आमचा मॅनेजर म्हणाला, "देवाचा दिवा ठेवायचे की." मला राहवलं नाही. म्हटलं, "दिवा न्हाय. माझी आई हितली भांडी घासायची. तिला घरात घेत नव्हते, तिचा कप हितं असायचा." बाईंनी मोबाईल खाली घेतला.

हे कागद तुझ्या ट्रंकेत ठेवते, तू गेल्यावर दुसरीकडं कुठं धाडणार? आणि एक सांगायचं राहिलं. काल त्या घरात पहिल्यांदा चहा घेतला, तू दिलेल्या फुलांच्या कपात, स्वयंपाकघरात खुर्ची ओढून. कप तसाच भरलेला राहिला. शेवटी मागच्या पायरीवर येऊन प्याले. कप विसळला आणि कोनाड्यात उपडा ठेवला, तेव्हा कुठं कळलं मी काय केलं ते.