गुंजनच्या हाती रुपया द्यावा

शनिवारची सकाळची शाळा. पत्र्याच्या डब्यात नाणी पडत. पाच पैशांचे हलके नाणे ‘टिच्’ करून गप्प बसे. चार आणे मात्र तळाशी जाऊन दोनदा वाजत. सत्तेचाळीस वर्षे झाली, तो आवाज अजून कानात आहे. कान शाबूत आहेत, डोकेही शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

मी, अनंत देवाजी लांजेवार, वय ७९, निवृत्त मराठी शिक्षक, मूळचा पारशिवनीचा, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव होता, त्याला न जुमानता लिहितो.

कलम १. माझा मुलगा दुर्गेश याला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. पारशिवनीचे शेत विकून आलेले सगळे पैसे २०११ साली त्याच्या मिहान उद्योगनगरीजवळच्या फ्लॅटला दिले. त्याचा वाटा पोचला. हे रागाने लिहिलेले नाही. राग पुढे येतो आहे.

कलम २. नंदनवनचे माझे स्वकष्टार्जित दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली अकरा लाखांची मुदत ठेव माझी नात, दुर्गेशची मुलगी गुंजन, वय २५, हिला. एकटीला. तिच्यावर देखरेख नको. ‘वडिलांच्या संमतीने’ हे शब्द कुठेही घुसडू नयेत.

आता राग. गेल्या वर्षी गुंजनने मोबाइलवर शेअर बाजारातले ऑप्शनचे सौदे करून तीन लाख चाळीस हजार घालवले. त्यातले दीड लाख कर्जाऊ. दुर्गेशने कर्ज फेडले, चांगले केले. पण मग तिचे एटीएम कार्ड काढून घेतले आणि होळीला, पुरणपोळीच्या पंगतीत, सगळ्यांसमोर म्हणाला, “हिच्या हातात रुपया देऊ नका गा कोणी.” पोरीच्या ताटातली पोळी तशीच राहिली. मिहानच्या कंपनीत कमावणारी मुलगी आज ऑटोच्या भाड्यासाठी बापापुढे उभी राहते.

एप्रिलमध्ये तो माझ्याकडे बक्षीसपत्राचा कागद घेऊन आला.

“बाबा, घर अन् ठेव माझ्या नावानं करून टाका. तुमच्या मागं पोरगी सारं उडवून टाकन.”

“मी सही करत नाही.”

“काहून?”

“मीही उडवले होते म्हणून.”

तो हसला. “बाबा, तुम्ही कविता करून राहिले.” आठ महिने झाले, बोलणे बंद आहे.

कलम ३. ती कविता नव्हती. गुन्हा होता, तो येथे कबूल करतो. १९७८ साली आमच्या शाळेत संचयिका होती, म्हणजे मुलांची बँक. शनिवारी मुले डब्यात नाणी टाकत, मी वहीत लिही. त्या वर्षी शिक्षकांच्या खोलीत एक गृहस्थ येऊ लागला. तीन महिन्यांत शंभराचे एकशे तीस करून देतो म्हणे. पण मी भुललो ते त्या नफ्याला नव्हे. त्याला आमच्या पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या कविता चालीसकट पाठ होत्या. आवाज असा, की पोरे खिडकीशी गोळा होत. मला वाटले, ज्याला इतक्या कविता येतात तो लबाड कसा असेल? संचयिकेचे सहाशे बारा रुपये मी त्याच्या हातात दिले. तो पुन्हा दिसला नाही.

आठ दिवस गप्प राहिलो. वर्गात कविता टाळून व्याकरण शिकवले. नवव्या दिवशी बायकोला, गोपिकाला, सांगितले. तिने एकच विचारले, “किती?”

दुसऱ्या दिवशी तिने दोन वर्षांच्या दुर्गेशच्या हातातल्या सोन्याच्या बिंदल्या काढल्या आणि विकून आली. पोरगे मोकळी मनगटे बघत रडत होते. शनिवारी डबा पुरा होता. मी संचयिकेची वही तिच्यापुढे ठेवली, म्हणालो, आता तूच सांभाळ. तिने ती माझ्याकडे परत सरकवली. “लिवा. तुमीच लिवा आता.”

तिने वही काढून घेतली नाही, म्हणून निवृत्तीपर्यंत एका पैशाची चूक झाली नाही. काढून घेतली असती तर मी जन्मभर सहाशे बारा रुपयांचा चोरच राहिलो असतो.

कलम ४. संचयिकेचा तो डबा भंगारात निघाला तेव्हा मी विकत घेतला. तो गुंजनला. गुंजन बाळा, पगार झाला की आधी डबा, मग सीताबर्डीचा बाजार. सहा महिन्यांचा खर्च अशा जागी ठेव जिथे तुझा मोबाइलवरचा अंगठा पोचत नाही. कर्ज काढून पैसा वाढवायला जाऊ नको. जो सौदा माझ्या मित्राला, आमच्या शाळेच्या जुन्या शिपायाला, बापूजीला, चहा संपायच्या आत समजावता येत नाही, तो करू नको. पैशाचे बोलणे गद्यात ऐक. समोरचा चालीत म्हणू लागला की उठून ये. एवढे करूनही चुकशील. तेव्हा त्याच संध्याकाळी एकाला तरी सांग. मी आठ दिवस लावले, तू पाच महिने. निम्मा तोटा त्या गप्प बसण्याचा होता.

कविता मात्र वाचत जा. त्यात बुडालेल्याला व्याज पडत नाही.

कलम ५. माझी पाठांतराची वही सून शामला हिला. ती स्वयंपाक करताना गुणगुणते आणि नवरा घरात आला की थांबते. थांबू नये.

कलम ६. दुर्गेशचे एक देणे माझ्याकडे होते. ते मरणानंतर नको, म्हणून तेवढ्याच वजनाच्या नव्या बिंदल्या काल बापूजीच्या हाती, या कागदाच्या कच्च्या प्रतीसह, त्याला पाठवल्या. कितीला पडल्या ते लिहीत नाही. शामलाला घेरी येईल. त्याला कोर्टात जायचे तर खुशाल जावे. बापाची चोरी भर कोर्टात वाचून दाखवावी लागेल. मी ती सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली आहे.

ठिकाण : नागपूर
दिनांक : १४ डिसेंबर २०२५
सही : अनंत देवाजी लांजेवार

साक्षीदार १ : डॉ. रितिका ठवकर, शेजारी. माझ्यासमोर सही केली, अजून येथेच बसल्या आहेत.

साक्षीदार २ : जागा रिकामी. बापूजी कबूल होता, काल फिरला. “अनंता, मी सही केली तर दुर्गेश माझ्या घरचं पाणी नाही पिणार गा.” हरकत नाही. रस्त्यावरचा कोणी धरून आणीन, पण कागद आजच पुरा करीन.

दार वाजले. बापूजीचे मन पालटले असेल असे वाटून म्हणालो, उघडेच आहे.

दुर्गेश आहे. एका हातात बिंदल्यांची लाल डबी, दुसऱ्या हातात कच्ची प्रत, घड्या पडून मऊ झालेली. डॉक्टर खुर्ची देतात, तो बसत नाही.

“आईनं खरंच वही नव्हती घेतली तुमच्याकडून?”

“नाही.”

तो आला म्हणून वरचे एकही अक्षर खोडणार नाही, हे त्याच्यासमोर लिहीत आहे. तो खांद्यावरून वाचतो आहे.

“खोडू नका,” तो म्हणतो. “पेन द्या. सही कुठं करू?”