रोल लॅबला दिला नाही

सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

नमस्कार. पत्र मिळालं, आधीचंही मिळालं होतं. इकडे सगळं ठीक. गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो आणि मी त्याच्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कुत्रं आणलंय, ते दिवसभर माझ्या दारापुढे बसतं. मी त्याला काही घालत नाही, तरी बसतं. तुमचा खोकला कसा आहे? जाऊबाईंना सांगा, हवी तशी हिरवी लोकर मिळाली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ‘वहिनी, फोटो आले का?’ असं तुम्ही दोनदा विचारलंत. पहिल्यांदा मी लिहिलं की रसायन जुनं झालंय, नवं मागवलंय. मग लिहिलं की गारठा फार आहे, पाणी हवं तेवढं कोमट राहत नाही. दोन्ही खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं.

तुमच्या कॅमेऱ्यात राहून गेलेला रोल सापडला, त्यात तुमच्या दादांचे गच्चीवरचे शेवटचे फोटो आहेत, असं तुम्ही कळवलंत, तेव्हापासून मी पोस्टमनच्या वाटेला डोळे लावून होते. आमच्याकडे पेट्याभर फोटो आहेत, पण कॅमेरा कायम ह्यांच्या गळ्यात, त्यामुळे सगळे माझे. ह्यांचा म्हणाल तर ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, त्यात ते चोर दिसतात.

रोलसोबत तुमची चिठ्ठी होती, ‘लॅबला द्या, उगाच धोका नको.’ तिथेच माझं डोकं फिरलं. लॅबवाला सगळ्यांचे रोल एकाच घाण्यात तळून काढतो. कुणाचं लग्न, कुणाची सहल, सगळ्यांना तेच माप. आमच्या घरातला एकही रोल कधी उंबरठ्याबाहेर गेला नाही, आणि नेमका ह्यांचा चेहरा परक्याच्या हाती देऊ? निश्चिंत राहा, असं मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात कळवलं.

आमची पद्धत तुम्ही पाहिली आहे, तिची यथेच्छ थट्टाही केली आहे. मी न्हाणीघरात, अंधारात फिल्म रिळावर चढवायची, डबा बंद करायचा, रसायन ओतायचं. सेकंदकाट्याचं घड्याळ स्वयंपाकघरात. हे चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे आणि तिथून ओरडायचे, “हलव. थांब. हलव.” शेवटी “ओत” म्हणाले, की मी रसायन बाहेर ओतायची, उशीर झाला तर फिल्म काळी पडते. न्हाणीघरातच एक घड्याळ टांगावं, हे इतक्या वर्षांत आम्हाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी टांगलं नसतं. घरातलं दुसरं कुठलंही काम सांगितलं की ह्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, हे काम मात्र कधी चुकवलं नाही.

तुमचा रोल धुवायला घेतला, त्या दिवशी सगळं नीट चाललं होतं. फिल्म एका दमात चढली. रसायन ओतलं, डबा हलवला आणि स्टुलावर बसले. बसले ती बसलेच.

भाऊजी, मी ‘ओत’ची वाट बघत होते. हे नाहीत, ते मला माहीत होतं. डबा मांडीवर घेऊन बसले होते तेव्हाही माहीत होतं. तरी हात हलेना. शेजारच्यांचा नळ सुरू झाला, बंद झाला, कुणीतरी जिन्यावरून बोलत गेलं. डबा गार लागायला लागला तेव्हा भानावर आले.

धुऊन दिव्यासमोर धरली, तर अख्खी फिल्म काळी ठिक्कर.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन लॅबमध्ये गेले. ज्याला मी जन्मभर नावं ठेवली, त्याच माणसासमोर उभी राहिले. त्यानं फिल्म उजेडाच्या काचेवर ठेवली.

“हे कुणी केलंय?”

“मीच.”

“वेळ नाही मोजली?”

“सांगणारं कुणी नव्हतं.”

त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं मला खुर्ची दिली आणि भिंग घेऊन फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाला, “एका फोटोत कठड्याची कड दिसतेय, आजी. बाकी उजेडच जात नाही आरपार.”

“माणूस?”

“माणूस नाही दिसत.” भिंग खाली ठेवून म्हणाला, “पुढच्या वेळी माझ्याकडे घेऊन या.”

पुढची वेळ कुठली, हे मी त्याला सांगितलं नाही. त्या आठवड्यात मी कुणाशी बोलले असेन तर तेवढंच.

रोल तुमचा होता, भाऊही तुमचा. मला माफ करा.

आणखी एक लिहायचं आहे, ते आत्ताच लिहिते, नाहीतर राहून जाईल. तुम्ही येतो म्हणालात की मी दर वेळी काहीतरी काढलं. रंगकाम, गुडघा, पाहुणे. पाहुणे कुठले? माझ्याशिवाय या घरात तेव्हापासून कुणी पाणीसुद्धा प्यायलेलं नाही. खरं कारण असं, की तुम्ही हुबेहूब ह्यांच्यासारखे दिसता. हे गेले त्या दिवशी तुम्ही दारातून आत आलात आणि मी ताडकन उठून उभी राहिले. तुम्हाला वाटलं, मी रडायला उठले. मला वाटलं होतं, हे आले. मग पुन्हा खाली बसावं लागलं. तसं पुन्हा एकदा बसणं मला झेपलं नसतं. म्हणून ठरवलं होतं, आधी फोटो येऊ देत, कागदावरच्या त्या चेहऱ्याची सवय होऊ दे, मग तुम्हाला बोलवू.

फोटो आता येणार नाहीत. तो चेहरा आता फक्त तुमच्याकडे आहे. या. आधी कळवू नका, कळवलंत तर मी पुन्हा काहीतरी कारण काढीन. तुम्हाला पाहून मी उठून उभी राहिले, तर काही बोलू नका. थोड्या वेळानं बसेन मी.

वाट बघणारी,
तुमची वहिनी